तेहतीस हजारांतली एक

देव मानत नाही असं बाईने सांगितलं की ऐकणाऱ्याची नजर आधी तिच्या कपाळावर जाते, मग गळ्यावर आणि शेवटी तिच्या नवऱ्यावर. नवऱ्यावर गेलेल्या नजरेत सहानुभूती असते. पुरुष नास्तिक निघाला तर तो विचारवंत. बाई निघाली तर घरात काहीतरी बिनसलेलं असणार. मी टिकली लावते, मंगळसूत्र घालते (सोनं आहे, लॉकरमध्ये पडून कशाला ठेवायचं), त्यामुळे या झडतीत काही सापडत नाही. मग नाइलाजाने थेट प्रश्न येतो, "तुम्ही जगता तरी कशाच्या आधारावर?"

विचारणाऱ्याच्या वयाप्रमाणे हा प्रश्न बदलतो. पंचाहत्तरीच्या काकू विचारतात, "अडीअडचणीला हाक कुणाला मारतेस गं?" माझ्या वयाच्या, म्हणजे गुडघे आणि सुना एकाच वर्षी बोलायला लागलेल्या बायका विचारतात, "मग मनःशांतीचं कसं करता?" आणि एका कंपनीत एचआरमध्ये असलेला माझा पुतण्या विचारतो, "काकू, पण मग तुझा पर्पज काय?" त्याच्या कंपनीत हा प्रश्न दर एप्रिलमध्ये सगळ्यांना विचारतात. उत्तर कितीही उदात्त असलं तरी पगारवाढ तेवढीच मिळते. मागच्या दिवाळीत त्याने मला जगण्याचं जपानी प्रयोजन समजावून सांगणारं एक पुस्तक भेट दिलं. छान आहे, पातळ आहे. डळमळणाऱ्या टेबलाखाली अगदी बसलं.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आतून वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ती पाणी भरायला उठते. सव्वापाचला येतं आमच्याकडे."

पुतण्याला हे उत्तर हलकं वाटलं. मला मात्र आजवर ऐकलेल्या सगळ्या उत्तरांत तेच खरं वाटतं. आमच्या मजल्यावर सव्वापाचला प्रत्येक घरातला दिवा लागतो. त्यांतल्या एका घरात काकडआरतीची ध्वनिफीत वाजते, एकात नमाज होते, एकात योगासनं. पण पाणी गेलं की पुन्हा आडवे होतात सगळेच. परमेश्वरासाठी म्हणून कायमचं उठून बसलेलं मी तरी कुणी पाहिलेलं नाही.

आता आमची संख्या किती, ते सांगते. २०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात स्वतःहून नास्तिक असं सांगणारे देशभरात ३३ हजारांच्या आसपास निघाले. महाराष्ट्रात सर्वांत जास्त, साडेनऊ हजारांच्या वर. देव तेहतीस कोटी आणि आम्ही तेहतीस हजार, म्हणजे माझ्या एकटीच्या वाट्याला दहा हजार देव न मानण्याचं काम आलं. बँकेत बत्तीस खात्यांचा हिशेब लागला नाही तर आम्ही रात्रीचे आठ वाजवायचो. इथे दहा हजार! तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस प्रकार, असं व्हॉट्सॲपवर सांगणारे जाणकार आहेत. तसं असेल तर एकेका देवामागे हजार हजार नास्तिक येतात, आणि मग ते काम आवाक्यात येतं. माझा कल त्या जाणकारांकडे आहे.

घरात मात्र मी एकटीच. तरी आमच्याकडे या विषयावर भांडण होत नाही, कारण सासूबाईंना माझ्या मतांत रस नाही, मोदकांत आहे. लग्न होऊन आले तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं होतं, "आई, माझा देवावर विश्वास नाही." त्यांनी विचारलं, "उकड जमते का?" जमते. आंबेमोहोराची पिठी, पाण्यात चमचाभर लोणी आणि हात भाजत असताना मळण्याची तयारी, एवढंच लागतं. श्रद्धा त्यात कुठे घालतात मला माहीत नाही. माझ्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात. भक्तिभावाने ओथंबलेल्या आमच्या जाऊबाईंच्या मोदकाला सात पडतात आणि उकडताना त्यांतल्या चार उघडतात.

एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही खऱ्या मीमांसक आहात." त्यांना वाटलं मी काहीतरी लागट बोलले. मग समजावून सांगावं लागलं. पूर्वमीमांसा वेद मानते, यज्ञ मानते, पण जग घडवणारा ईश्वर तिला लागत नाही. कर्म नीट करा, त्यातून 'अपूर्व' म्हणून एक शक्ती शिल्लक राहते, तीच वेळ आली की फळ देते. मध्ये कुणा वरिष्ठाच्या सहीची गरज नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी तर सरळ विचारलं आहे की सृष्टीच्या आधी तो होता हे पाहिलं कुणी, आणि एवढा पसारा मांडायची त्याला गरज काय पडली. इतकं बोलून ते वैदिक धर्माचे आधारस्तंभ राहिले. मी एका सत्यनारायणाला गेले नाही तर जाऊबाई महिनाभर फोन उचलत नाहीत.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गणपतीवर विश्वास नसला तरी मोदक करायचे?"

"हो."

"मग तू वेगळं काय करतेस?"

इतक्या वर्षांत माझ्या नास्तिकतेवर झालेला हा सर्वांत गंभीर हल्ला. आधीचे सगळे भाविकांनी केले होते आणि ते परतवायला सोपे होते.

बाहेरच्या जगात मात्र माझ्या अविश्वासाला किंमत आहे. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची खजिनदार मी आहे. हे ऐकून लोक हसतात, पण त्यामागे कमिटीचा अनुभव आहे. माझ्या आधीचे दोन खजिनदार अत्यंत भाविक होते. एकाच्या काळात रोषणाईचं बिल दोनदा दिलं गेलं आणि दुसऱ्याच्या काळात एकदाही नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "देवाला भिणारे बघून झाले, आता हिला बघू." माझ्या मते याचं कारण असं की भाविक माणसाला शंभर-दोनशेची तूट आली तर बाप्पा सांभाळून घेतो. मला सांभाळून घेणारं कुणी नाही. त्यामुळे अकरा रुपयांची पावतीसुद्धा सापडेपर्यंत मी जेवत नाही. बँकेत आयुष्य गेलं. जुळलेला ताळेबंद बघून मला जे होतं त्याला इतर लोक बहुधा समाधी म्हणत असावेत.

प्रेरणेचा विषय निघालाच आहे तर आगरकरांचं सांगते. एम.ए.च्या सुमाराला त्यांनी आईला पत्र लिहिलं, की मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोड, मी पोटापुरतं मिळवणार आणि बाकीचा वेळ लोकांच्या हिताला देणार. असली पत्रं विरक्त साधूंनी लिहायची असतात. ईश्वराच्या अस्तित्वाची खात्री नसलेल्या माणसाने ती लिहावी आणि वर पाळावी, यात त्या माउलीचं काय झालं असेल याचा विचार मला नेहमी येतो. (मुलाने 'आई, मी स्टार्टअप काढतोय' म्हणून सांगितलं तेव्हा मला साधारण कल्पना आली.) १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला आणि पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने बेजार झालेला हा माणूस १८९५मध्ये गेला तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता.

र. धों. कर्वे तर त्याहून चिवट. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे त्यापायी नोकरी सोडावी लागली. १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते थेट १९५३मध्ये मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४मधल्या खटल्यात बाजू मांडायला साक्षात डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरीही हरले. पैसा नाही, नाव नाही, पुण्यावर विश्वास नाही आणि पुढचा जन्म म्हणाल तर तोही नाकारून बसलेले. ज्याच्यासाठी लोकांनी त्यांना धारेवर धरलं तेच पुढे सरकारने लाल त्रिकोण काढून गावोगावच्या भिंतींवर रंगवलं.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोड असते एकेकाला." त्यांच्या डोक्यात याहून मोठी प्रशस्ती नाही. वारीला दर वर्षी जाणाऱ्या त्यांच्या भावाबद्दलही त्या हेच म्हणायच्या.

मला जगायला अर्थ कमी पडला असं कधी झालं नाही. एक गोष्ट मात्र कमी पडते आणि ती कुठल्याही तत्त्वज्ञाने भरून दिलेली नाही, ती म्हणजे नवस. भाविक माणसाला संकटात काहीतरी *करता* येतं. आम्हाला फक्त बसता येतं.

तीन वर्षांमागे आमच्या ह्यांना मध्यरात्री छातीत दुखायला लागलं आणि पहाटे अँजिओप्लास्टीसाठी आत घेतलं. बाहेर बाकावर आम्ही चौघी. नणंदेने पाच मिनिटांत फोनवरून दोन देवस्थानांत अभिषेक सांगितले, एकाची पावतीही आली. जाऊबाई उपवास बोलल्या, शनिवार आणि गुरुवार, दोन्ही. सासूबाईंनी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं धरली. माझ्या हातात संमतिपत्राची प्रत होती आणि तिच्यातली गुंतागुंतीची शक्यता लिहिलेली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. अशा वेळी माणूस गुडघे टेकतो म्हणतात. मी वाट बघितली, टेकले नाहीत. पण त्या नणंदेच्या पावतीचा मला मनापासून हेवा वाटला. सौदा करायला कुणीतरी समोर असणं ही मोठी सोय आहे.

दोन-तीन आवर्तनं झाल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले. "अगं, नुसती बसू नकोस. मी म्हणते, तू मोज."

"मी?"

"मग कोण? या दोघी रडताहेत."

मी औषधांच्या बिलाच्या मागे रेघा मारायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. बँकेत नोटांची बंडलं मोजताना जसं भान जातं तसं जायला लागलं. तासाभराने सासूबाईंचा आवाज बसत आला आणि त्यांनी बोटांनी विचारलं, झाली का?

"एकोणीस," मी म्हटलं.

जाऊबाई म्हणाल्या, "एकवीस झाली की! मी ऐकत होते. देव काय रेघा मोजतोय?"

"एकोणीसच," मी बिल पुढे केलं.

सासूबाईंनी पाणी प्यायलं, उरलेली दोन म्हटली, शेवटी फलश्रुती म्हटली. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "तू मोजलं असतंस तर भक्तीने दोन सोडली असतीस. म्हणून तर हिला सांगितलं."

डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं होतं. पुढच्या दहा दिवसांत नणंद दोन देवळांत जाऊन आली, जाऊबाईंनी उपवास सुरू केले, आणि माझ्यापुढे नास्तिकाची दुसरी अडचण येऊन उभी राहिली. आभार मानायचे कुणाचे? वरच्या मजल्यावर एकगठ्ठा पोच देण्याची सोय नाही. खाली येऊन माणसं शोधावी लागतात. डॉक्टरांचे मानले. कॅथ लॅबमधल्या तंत्रज्ञाला शोधून काढलं, त्याला वाटलं मी तक्रार करायला आले, तो लगेच म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती." वॉर्डात रात्री दोनदा चादर बदलणाऱ्या मावशींना साडी दिली. रिक्षावाला मात्र सापडला नाही. पहाटे अडीचला तो मीटरनेच आला होता, तो चमत्कार अजून माझ्या मांडणीत बसलेला नाही.

मग आणखी मागे जात जात मी आंद्रेआस ग्रुंट्झिगपर्यंत पोचले. जर्मन माणूस, झ्युरिकमध्ये काम करायचा. हृदयाच्या रोहिणीत फुगा नेऊन तो फुगवायचा, ही कल्पना लोकांना वेडगळ वाटायची, म्हणून फुग्याच्या नळ्या त्याने घरी, स्वयंपाकघरात बसून बनवल्या. १९७७च्या सप्टेंबरमध्ये अडतीस वर्षांच्या एका रुग्णावर पहिल्यांदा हे केलं, रुग्ण जागा असताना.

"स्वयंपाकघरात?" सासूबाईंनी विचारलं. "आणि बायको काही बोलली नाही?"

"ते लिहिलेलं नाही."

"भली बाई असणार. आता कुठे असतो तो?"

"गेला. १९८५मध्ये. स्वतःचं विमान चालवत होता, ते कोसळलं. सेहेचाळीस वर्षांचा होता."

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतक्यांचे प्राण वाचवणारा माणूस आणि हे असं? मग तुझंच बरोबर दिसतंय. वर कुणाचं लक्ष नसतं."

मी हादरले. शहाऐंशी वर्षांची श्रद्धा माझ्या एका गोष्टीने मोडली, हे माझ्या हिशेबात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तसा विजय नकोच होता. रात्रभर मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी बघते तर सासूबाई नेहमीच्याच वेळी देवापुढे, घंटा जरा जोरात.

"आई, तुम्ही काल म्हणालात वर लक्ष नसतं."

"नसतंच. म्हणून तर रोज आठवण करून द्यावी लागते." आणि समईत तेल घालता घालता म्हणाल्या, "त्या जर्मनाचं नाव एकदा कागदावर लिहून दे. जीभ वळत नाही माझी."

तो कागद देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेखाली आहे. मी देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

या सगळ्यात आपलंही आवरून ठेवावं असं मला वाटायला लागलं आणि मी देहदानाचा अर्ज आणला. महाराष्ट्रात हे सगळं १९४९च्या शरीरशास्त्र कायद्याखाली चालतं. आमच्या डोंबिवलीत या कामाला वाहून घेतलेलं मंडळ आहे, त्याचं नाव दधीची देहदान मंडळ. इंद्राला वज्र करायला स्वतःची हाडं देणारे ते दधीची. जन्मभर पुराणं नाकारून शेवटची सही करायची ती एका ऋषींच्या नावाखाली. आमच्या लोकांची अशी कोंडी या देशात पदोपदी होते. शिवाय अर्ज भरला म्हणजे काम झालं असंही नाही. आपण गेल्यावर वारसांनी संमती द्यायची, डोळे काही तासांच्या आत, शवविच्छेदन झालेलं असेल तर देह घेत नाहीत. थोडक्यात, नास्तिकाचं मरणोत्तर जीवन पूर्णपणे मुलाच्या शब्दावर अवलंबून. हा मुलगा मला भाजी आणायला सांगितल्यावर "आणतो" म्हणतो.

सासूबाई चष्मा लावून अर्ज वाचत होत्या. "मलाही एक आण."

घरात शांतता पसरली. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "आई, तू?"

"का? गीतेत सांगितलंच आहे, कपडे बदलायचे. जुने कपडे बोहारणीला देते तेव्हा एक भांडं मिळतं. इथे चार पोरं डॉक्टर होतील."

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मग त्यांनी अट सांगितली. देह द्यायचा तो द्या, पण दहाव्याला घाटावर पिंड ठेवायचा म्हणजे ठेवायचा. कावळ्याशी त्यांचा जुना व्यवहार आहे, तो मोडायचा नाही.

"आणि नाही शिवला तर?" जाऊबाईंनी विचारलं. घाटावर हा प्रश्न नेहमी येतो. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने कबूल करतो, की तुमच्या लेकीकडे बघू, घर विकणार नाही, भावाशी बोलू. कुठलीतरी किल्ली लागते आणि कावळा उतरतो. तोवर सगळे उन्हात.

"तर हिने पुढे व्हायचं," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या कुणी बोललेलं मी ऐकणार नाही."

"आई, मी? मी तर कावळा नुसता कावळाच मानते."

"म्हणूनच. या सगळ्या काहीही कबूल करतील. तू कबूल केलंस तर करशील."

तेव्हापासून मी संभाव्य मागण्यांची यादी करून ठेवते आहे. देव्हारा मोडीत काढायचा नाही. धाकट्या दिरांचा आणि ह्यांचा गावच्या विहिरीवरून चाललेला अबोला सोडवायचा. जाऊबाईंना मोदकाच्या कळ्या शिकवायच्या. ही मागणी आली तर मात्र कावळा संध्याकाळपर्यंत उपाशी राहील अशी मला भीती आहे.

पुतण्या परवा पुन्हा आला होता. मी त्याला सांगितलं की माझा पर्पज सापडला : सासूबाईंच्या दहाव्याला हजर असणं. त्याने तो वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "हे मेझरेबल आहे का?" आहे, आणि आकडे माझ्या विरुद्ध आहेत. माझं वय ६१, साखर काठावर, एक गुडघा बदलायला सांगितलेला. सासूबाईंना ना साखर, ना रक्तदाब, दात स्वतःचे. डॉक्टरांनी मला रोज सकाळी पाऊण तास चालायला सांगितलंय. मी धापा टाकत जिना उतरत असते तेव्हा त्या फिरून वर येत असतात, आणि बाजूला होऊन मला वाट देतात.